काळी, पांढरी

आमच्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं:
पिकतं ती काळी,
माणसं राहतात ती पांढरी.
अर्लीन टॉलिव्हरला हे सांगितलं
तेव्हा ती इतकी हसली
की तिला खुर्चीचा हात धरावा लागला.
म्हणाली, आमच्याकडेही तसंच आहे बाई,
फक्त आम्हाला काळीतच ठेवलं.

मी विद्यापीठाच्या पिशव्या घेऊन
मातीचे नमुने घ्यायला गेले होते.
अलाबामाची ही माती
हातात घेतली की ओळखीची वाटते:
चिकण, जड,
उन्हात भेगाळणारी, ओल लागली की मिटून घेणारी.
कापूस हिच्यावरच पिकला.
तो वेचायला विकत आणलेली माणसंही हिच्यावरच खपली,
आणि त्यांची पतवंडं
ट्रेलरच्या पत्र्याखाली, अजून.

ही माती पाणी पीत नाही.
संडासातून निघालेला पांढरा पाइप
घरामागे पंचवीस पावलांवर उघडा पडतो
आणि जे जातं ते जात नाही.
मोठी सर आली की
न्हाणीच्या टबात परत वर येतं,
कालचं, परवाचं.
अर्लीन टबावर फळी टाकते, फळीवर दोन विटा,
मांजराच्या धाकानं दुधाच्या पातेल्यावर ठेवाव्यात तशा.

सेप्टिक टाकीचा खर्च ट्रेलरपेक्षा जास्त.
टाकी नाही म्हणून नोटीस.
नोटिशीत तिचं नाव चुकलेलं,
दंडाचा आकडा मात्र बरोबर.

गावात गटार आहे.
रस्त्यापलीकडच्या पांढऱ्या कुंपणांपर्यंत ते येतं
आणि थांबतं.
त्या घरांच्या मैल्याचा तलाव तेवढा अलीकडे,
आमच्या चर्चच्या मागं, असं ती म्हणते,
आणि रविवारी खिडक्या लावून घेऊन
देवाला हाक मारावी लागते.

नातू जमार्कस, सात वर्षांचा.
त्याच्या पोटात अंकुशकृमी निघाले.
डॉक्टर म्हणाला, हा रोग या देशातून कधीच गेला.
अर्लीननं विचारलं,
मग हे पोर कुठल्या देशात राहतंय?

मंगळवारी काउंटीची सभा.
एकोणीस बायका, दोन म्हातारे,
प्रत्येकाच्या मांडीवर लोणच्याची बरणी,
झाकण घट्ट,
चिकटपट्टीवर तारीख आणि घराचा नंबर.
ह्याच टेबलाला अर्लीननं
सव्वीस वर्षं रात्रपाळीत पॉलिश केलेलं.
कुठल्या कोपऱ्यात लाकूड उललंय
ते तिच्या बोटांना पाठ.
त्या कोपऱ्यावर तिनं बरणी ठेवली.

कमिशनरसाहेबांनी आपला पाण्याचा ग्लास
मागे ओढला.
फार नाही. वीतभर.

बरोबर केलंत, ती म्हणाली.
आम्हाला ओढायला मागं जागा नाही.

इतिवृत्तात लिहिलं गेलं:
नागरिकांनी नमुने सादर केले.
विषय पुढील सभेसाठी राखून ठेवण्यात आला.
बरणी उचलली तर खाली ओला गोल.
तिचा हात सवयीनं
फडक्यासाठी खिशाकडे गेला,
अर्ध्यावर थांबला,
आणि मग तिनं पर्स उचलली.

परतताना गाडीच्या मागच्या बाकावर
बरण्या एकमेकींवर आपटत होत्या.
त्या धुवायच्या नाहीत, असं ठरलं होतं.
मी विचारलं, मातीचा राग येतो?
मातीचा? छे.
ती कुणाचं झाकून ठेवत नाही, इतकंच.
माझी आई तशीच होती,
चारचौघांत तोंडावर बोलायची,
लोक तिला टाळायचे.

दक्षिणेकडे आभाळ काळवंडायला लागलं.
तिनं फोन लावला.
जमार्कस, ऐक,
फळीवर विटा आहेत ना?
बघून सांग.
मी धरते फोन.